फळ्यावरचा परका आकडा: कर्नेलमधल्या फ्लोटिंग पॉइंटचं एक प्रकरण

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला तेव्हा तक्रार सॉफ्टवेअरची नव्हतीच. मशीन शॉपवाले ओरडत होते की कास्टिंगच्या कडांना चिल येतोय, म्हणजे कडा पांढऱ्या आणि कडक होतायत, टूल टिकत नाही. मेल्टिंगचे सुपरवायझर म्हणत होते, आम्ही सीई मीटर दाखवतं तसंच करतोय. आणि भट्टीवर तीस वर्षं काढलेले मेल्टर मामा म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन एक कप लावला की खरं बोलतंय. दोन लावले की कधीमधी थापा मारतंय बगा."

हे वाक्य आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची किंमत दोन आठवडे.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी आधी सीई मीटरबद्दल थोडं. भट्टीतला रस ओतण्याआधी त्यात कार्बन आणि सिलिकॉन किती हे कळावं लागतं. त्यासाठी वाळूचा एक छोटा कप असतो, त्याच्या मधोमध के टाइप थर्मोकपलची तार, जी तापमानानुसार काही मिलिव्होल्ट देते. त्यात रस ओतायचा आणि थंड होताना तापमान कसं उतरतं ते पाहायचं. लोखंड सरळ उतरत नाही. पहिले घन कण तयार व्हायला लागले की वक्र जरा थबकतो, त्याला लिक्विडस म्हणतात. तो थांबा किती अंशाला आला यावरून कार्बन इक्विव्हॅलंट निघतं. कार्बन अधिक सिलिकॉनचा तिसरा हिस्सा अधिक फॉस्फरसचा तिसरा हिस्सा, हे त्याचं नेहमीचं सूत्र. कार्बन ३.३, सिलिकॉन २.१ असेल तर ४.० च्या आसपास. कपात टेल्युरियम असेल तर रस पांढरा गोठतो, दुसरा थांबाही स्वच्छ दिसतो आणि दोन्ही थांब्यांवरून कार्बन आणि सिलिकॉन वेगवेगळे काढता येतात. हा सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. तेवढ्यात मेल्टरने ठरवायचं: ग्रॅफाइट टाकायचं की स्क्रॅप.

म्हणजे मीटरने ४.० ऐवजी ४.३ दाखवलं, तर मेल्टर स्क्रॅप वाढवणार, रसातला कार्बन खरोखरच खाली जाणार आणि पातळ कडा पांढऱ्या, कडक होऊन बसणार. टूल का तुटत होतं याचं उत्तर इथे होतं. मीटर का चुकत होतं याचं उत्तर फार लांब होतं.

यंत्रणा अशी. बिनपंख्याचा औद्योगिक पीसी, ६४ बिट एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याचा) प्रोसेसर, दोन कोअर, वर लिनक्स. त्यात दोन चॅनेलचं कार्ड, दोन कप-स्टँडसाठी. कार्ड बनवणाऱ्यांनी लिनक्सच्या नव्या कर्नेलसाठी, म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कर्नेलमधला कोड) देणं बंद केलेलं, म्हणून आमच्याकडच्या एका हुशार पोराने तो नव्याने लिहिला होता. प्रत्येक चॅनेल सेकंदाला शंभर नमुने घ्यायचा. नमुना तयार झाला की इंटरप्ट यायचा, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसरला ड्रायव्हरकडे बोलावणारा इशारा. ड्रायव्हर इंटरप्टमध्येच मिलिव्होल्टचं तापमान करायचा आणि वरच्या प्रोग्रॅमला आयता आठ बाइटचा डबल (दशांश आकडा) द्यायचा. वरचा प्रोग्रॅम वक्र गाळून उतार काढायचा आणि उतार शून्याजवळ आला की "थांबा सापडला" म्हणून तो आकडा पक्का करायचा.

पहिला संशय सगळ्यांना येतो तोच आम्हाला आला: इंडक्शन भट्टी. मीडियम फ्रिक्वेन्सीची भट्टी शेजारी गुरगुरत असताना चाळीस-पन्नास मिलिव्होल्टचा सिग्नल मोजायचा म्हटल्यावर अर्थिंगला दोष देणं सोपं असतं. अर्थिंग नवीन केलं, कॉम्पेन्सेटिंग केबल बदलली, शील्ड एकाच टोकाला जोडली, कपांची खेप बदलली. चूक जशीच्या तशी. पाच-सहा पाळ्यांत एकदा.

एक गोष्ट मात्र खटकत होती. चुकीच्या टेस्टचा आलेख काढून पाहिला तर वक्र अगदी गुळगुळीत. गोंगाट असता तर आलेखावर काटे दिसले असते. मग तो साठवलेला डेटा त्याच पीसीवर, त्याच प्रोग्रॅमला पुन्हा दिला. उत्तर बरोबर! शंभर वेळा दिला, शंभर वेळा बरोबर. आमच्याकडच्या भाषेत, गडी तालमीत चितपट करतोय आणि मैदानात उतरला की पाठ टेकतोय. डेटा बरोबर, सूत्र बरोबर, आणि उत्तर चूक.

अशा वेळी माझा एक जुना, ओबडधोबड उपाय आहे. प्रत्येक हिशेब लागोपाठ दोनदा करायचा आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर मधले सगळे आकडे फाइलमध्ये ओतायचे. कंपायलर दुसरा हिशेब शहाणपणाने गाळून टाकतो, त्याला तसं करू न देण्याची काळजी घ्यावी लागते. चौथ्या दिवशी फाइलमध्ये नोंद पडली. पहिल्या कपाचं तापमान तेव्हा ११२० च्या आसपास होतं, सगळे मधले आकडे त्याच घरातले, आणि मध्येच एका जागी ४६.९९.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. वरच्या प्रोग्रॅममध्ये ४६.९९ येईल असं काहीही नव्हतं. मग थर्मोकपलचा तक्ता उघडला. के टाइपला ११५० अंशाला ४६.९९५ मिलिव्होल्ट. आणि त्या क्षणी दुसऱ्या स्टँडवरच्या कपाचं तापमान किती होतं? ११५०.

म्हणजे पहिल्या कपाच्या हिशेबात दुसऱ्या कपाचे मिलिव्होल्ट शिरले होते. आणि मिलिव्होल्ट हा आकडा वरच्या प्रोग्रॅमला कधी दिसतच नाही; ड्रायव्हर त्याला फक्त अंश देतो. जो आकडा कर्नेलच्या आत जन्मतो आणि आतच मरायला हवा, तो बाहेरच्या प्रोग्रॅमच्या हातात कसा?

रजिस्टर आणि फळा

त्याच फाउंड्रीच्या लॅबमध्ये एक काळा फळा आहे. पाळीवरचा केमिस्ट त्यावर चार्जचा हिशेब मांडतो. पाळी बदलली की तो फळ्यावरचं सगळं वहीत उतरवतो, फळा पुसतो आणि पुढचा केमिस्ट स्वतःचा हिशेब मांडतो. प्रोसेसरची फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश आकड्यांची, रजिस्टरं (हिशेब चालू असताना आकडे ठेवायच्या जागा) म्हणजे हा फळा. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे काम जाताना कर्नेल फळा वहीत उतरवून घेतो. हे काम फुकटात होत नाही. एसएसई, एव्हीएक्स म्हणजे या रजिस्टरांवर काम करणाऱ्या सूचनांच्या पिढ्या. एसएसईपर्यंतचीच अवस्था उतरवायची तरी ५१२ बाइट लागतात, आणि एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरवर ती अडीच हजार बाइटच्या पुढे जाते.

आता इंटरप्ट म्हणजे पाळीबदल नव्हे. कुणीतरी दार ढकलून आत आला, चिठ्ठी ठेवली आणि गेला. सेकंदाला हजारो जण असे येतात. प्रत्येकासाठी अख्खा फळा वहीत उतरवायचा तर केमिस्टने दुसरं काही करायलाच नको. म्हणून नियम असा की येणाऱ्याने आपला हिशेब खिशातल्या पाटीवर करायचा. पाटी म्हणजे साधी, पूर्णांकांची रजिस्टरं. ती इंटरप्टच्या सुरुवातीला जपून ठेवली जातात आणि जाताना परत लावली जातात. फळ्याला हात लावायचा नाही.

आमचा ड्रायव्हर आत येऊन फळ्याचा कोपरा पुसून त्यावर स्वतःचं बहुपद सोडवत होता. त्याचं उत्तर दर वेळी बरोबर यायचं. बिघडायचा तो बिचारा केमिस्टचा हिशेब. या जातीच्या चुकीत मला सगळ्यात वाईट वाटतं ते हेच, की गुन्हा करणाऱ्याच्या अंगावर ओरखडा नसतो आणि तक्रार येते ती भलत्याच प्रोग्रॅमबद्दल.

मामांचं म्हणणंही आता उलगडलं. एकच कप असेल तेव्हा प्रोग्रॅम नमुन्याची वाट पाहत झोपलेला असतो; इंटरप्ट येतो, मग तो जागा होतो, काही मिलिसेकंदांत हिशेब संपवतो आणि पुन्हा झोपतो. पुढचा इंटरप्ट दहा मिलिसेकंदांनी. हिशेब आणि इंटरप्ट यांची गाठच पडत नाही. दोन कप लावले की दुसऱ्या चॅनेलचा इंटरप्ट पहिल्याच्या हिशेबात मधोमध येऊ शकतो. तोही त्याच कोअरवर यायला हवा, आणि नेमक्या त्याच रजिस्टरात त्या क्षणी कामाचा आकडा असायला हवा. एवढं सगळं जुळून यायला पाच-सहा पाळ्या लागायच्या. आमच्या ऑफिसातल्या टेबलावर एकच चॅनेल जोडलेला होता आणि पीसी चार कोअरचा. तिथे वर्षभर चालवलं असतं तरी काही दिसलं नसतं.

कंपायलर गप्प कसा बसला?

तो गप्प बसला नव्हता, हे महत्त्वाचं. लिनक्सचा कर्नेल एक्स८६ वर बांधताना कंपायलरला मुद्दाम सांगितलेलं असतं की एमएमएक्स, एसएसई, एव्हीएक्स यांच्या सूचना वापरायच्या नाहीत. वेगासाठी कंपायलर स्वतःच्या मनाने त्या वापरतो, ते थांबवायला. अशा अवस्थेत ड्रायव्हरमध्ये डबल लिहिला की चूक येते: एसएसई बंद असताना एसएसई रजिस्टरमधून उत्तर परत देता येत नाही, अशा अर्थाची. आमच्या पोरालाही ती आली. त्याने शोधाशोध केली आणि मेकफाइलमध्ये (कंपायलरला पर्याय सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्या एका फाइलपुरता एसएसई चालू करणारा पर्याय टाकला. चूक गेली, मॉड्यूल तयार झालं, तापमान दशांशापर्यंत बरोबर दिसलं.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून तिथे जाड तार बांधणारे वायरमन आपण सगळ्यांनी पाहिलेत. हे तेच झालं.

त्याला दोष देण्यात मला रस नाही. कॉलेजात सी शिकवताना इंट आणि डबल हे शेजारी-शेजारी शिकवले जातात, जणू आकाराचाच काय तो फरक. डबलसाठी रजिस्टरांचा वेगळा संच असतो आणि तो कुणीतरी सांभाळावा लागतो, हे कुणी सांगत नाही. एआरएम या दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरच्या ६४ बिट बोर्डावरही कर्नेल फक्त साध्या रजिस्टरांवर बांधतात, त्यामुळे तिथेही कंपायलरने त्याला अडवलंच असतं. जुन्या ३२ बिट एआरएमवर आणखी वेगळी गंमत: तिथे दशांशाचा गुणाकार मदतनीस फंक्शनवर ढकलला जातो, ती फंक्शनं कर्नेलमध्ये नसतात आणि मॉड्यूल जोडतानाच सिम्बॉल सापडत नाही म्हणून थांबतं. माझ्या मते ते बरं. दारातच अडवणारी चूक कधीही परवडते.

रीतसर मार्ग आणि तो का घेतला नाही

कर्नेलमध्ये फळा वापरायला पूर्ण बंदी आहे असंही नाही. रेड-६ ची पॅरिटी आणि एईएसचं एन्क्रिप्शन ही कामं कर्नेल याच रुंद रजिस्टरांवर करतो. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या डिस्प्लेच्या भागात तर खरोखरचं फ्लोटिंग पॉइंट गणित आहे. त्यासाठी जोडीने येणारी दोन फंक्शनं आहेत: कर्नेल-एफपीयू-बिगिन आणि कर्नेल-एफपीयू-एंड. पहिलं फळा वहीत उतरवण्याची सोय करतं, दुसरं तुमचं काम संपल्याचं सांगतं. २०२४ मध्ये आलेल्या ६.१० आवृत्तीपासून वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी एकच सामाईक पद्धतही झाली.

पोराने लगेच म्हटलं, "मग दादा, या दोन ओळी टाकू की. दहा मिनिटांचं काम."

आम्ही बसून पाहिलं, आणि दहा मिनिटं लांबत गेली. त्या दोन ओळींच्या मध्ये झोपता येत नाही. स्मृती मागताना किंवा लॉकसाठी थांबायची वेळ आली तर संपलं. दशांशाचं गणित वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या फंक्शनात ठेवावं लागतं. नाहीतर कंपायलर एखादी सूचना बिगिनच्या आधीच सरकवून ठेवतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच. स्टॅकचंही एक लफडं आहे: एक्स८६ वर कर्नेल आठ बाइटच्या सीमेवर स्टॅक ठेवून बांधला जाऊ शकतो, तर एसएसईच्या काही सूचनांना सोळाची सीमा लागते, आणि ती नसली तर थेट कर्नेल पडतो. आमचा आतापर्यंत पडला नव्हता हे नशीब.

पण खरी मेख पुढे होती. आमचं गणित इंटरप्टमध्ये होतं. इंटरप्ट येतो तेव्हा कर्नेलचाच दुसरा कुठला भाग फळा वापरत असू शकतो, उदाहरणार्थ एन्क्रिप्टेड डिस्कवर लिहिणारा. आमच्या पीसीची डिस्क एन्क्रिप्टेड होती. अशा वेळी बिगिन म्हणायचीच परवानगी नसते. आधी विचारावं लागतं, आत्ता फळा मोकळा आहे का, आणि "नाही" असं उत्तर आलं तर त्याच नमुन्यासाठी फ्लोटिंग पॉइंटशिवाय चालणारा दुसरा रस्ता तयार ठेवावा लागतो.

मी त्याला एवढंच विचारलं, "पूर्णांकांचा रस्ता लिहायचाच आहे, तर मग दुसरा कशाला ठेवायचा?"

तो हसला. मग म्हणाला, "पण बहुपद पूर्णांकात कसं बसवायचं? त्याचे गुणांक बघा." गुणांक खरंच भीतीदायक आहेत. ५०० अंशांच्या वर के टाइपसाठी मिलिव्होल्टचं तापमान करायचं बहुपद सहा घातांचं आहे. त्यात एकीकडे ४८.३०२२२, दुसरीकडे शून्यानंतर सात शून्यं आणि मग ३११. असलं काही पूर्णांकात कोंबायला मीही तयार झालो नसतो.

त्याची गरजच नव्हती. गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर ८.३४५ ग्रॅम दिसतात, पण ते ८३४५ मिलिग्रॅमच असतात. दशांश चिन्ह दाखवण्यापुरतं. लिनक्समध्ये तापमानाचे सेन्सर वाचणारी हार्डवेअर मॉनिटरची यंत्रणा याच पद्धतीने चालते: तापमान मिलिअंशांत, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, सगळे पूर्णांक. अपटाइम कमांड ०.४२ असा जो लोड दाखवते, तोही आत पूर्णांकच. तिथे १ म्हणजे २०४८, दर पाच सेकंदांनी जुन्या सरासरीला २०४८ पैकी १८८४ एवढं वजन देऊन नवा आकडा मिसळायचा, की झाली एका मिनिटाची सरासरी. १८८४ भागिले २०४८ म्हणजे ०.९२, आणि ई चा उणे एक-बारांशावा घातही तेवढाच. कर्नेलमध्ये घातांकी सरासरी चालते आणि कुठेही डबल नाही. कर्नेलमधला हा माझा सगळ्यात आवडता कोड आहे.

तापमानासाठी तक्ता ठेवायचा आणि दोन ओळींच्या मधलं प्रमाणाने काढायचं. मुद्दाम ढोबळ, शंभर अंशांच्या पायरीने करून दाखवलं. ११०० ला ४५११९ मायक्रोव्होल्ट, १२०० ला ४८८३८, फरक ३७१९. आपल्याकडे आलेत ४६९९५, म्हणजे पहिल्याच्या वर १८७६. १८७६ ला एक लाख मिलिअंशांनी गुणायचं, ३७१९ ने भागायचं, ११०० अंशांत मिळवायचं. उत्तर ११५०.४४. खरं ११५०. एवढ्या जाड पायरीलाही चूक अर्ध्या अंशाच्या आत. आणि ही चूक पायरीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून दहा अंशांची पायरी घेतली तर ती शंभरपट कमी. मधला गुणाकार अठरा कोटी शहात्तर लाखांचा, ३२ बिटांत आरामात बसतो. वाळूच्या कपातला थर्मोकपल स्वतःच याहून जास्त चुकतो, हे वेगळं.

एवढं कागदावर मांडून झाल्यावर आम्ही तेही ड्रायव्हरमध्ये घातलं नाही. कारण पुढचा प्रश्न आपोआप आला: ड्रायव्हरला तापमान हवंच कशाला? त्याने मायक्रोव्होल्ट द्यावेत. कोल्ड जंक्शनचा, म्हणजे तार कार्डाला जुळते त्या थंड टोकाच्या तापमानाचा, आकडाही पूर्णांकात सोबत द्यावा. बहुपद वरच्या प्रोग्रॅममध्ये सोडवावं, तिथे फळा त्याच्या हक्काचा आहे.

पोराची एक हरकत रास्त होती. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की कार्डावरचा लाल दिवा लगेच लागायला हवा, ते काम इंटरप्टमध्येच व्हायला पाहिजे, आणि मर्यादा ऑपरेटर अंशांत भरतो. पण तुलनेला अंश लागत नाहीत. के टाइपचं व्होल्टेज या पट्ट्यात तापमानाबरोबर वाढतच जातं, मागे फिरत नाही. म्हणून वरच्या प्रोग्रॅमने मर्यादेचे मायक्रोव्होल्ट करून, त्यातून कोल्ड जंक्शनचा हिस्सा वजा करून ते खाली पाठवायचे. जंक्शनचं तापमान सरकलं की पुन्हा पाठवायचे. इंटरप्टमध्ये उरतात ती दोन पूर्णांकांची तुलना.

नव्या ड्रायव्हरच्या इंटरप्टमध्ये चौदा ओळी राहिल्या. मेकफाइलमधला तो पर्याय काढला, आणि तरीही मॉड्यूल मुकाट्याने बांधलं गेलं, म्हणजे आत कुठे डबल लपून राहिला नाही याची कंपायलरनेच पावती दिली. दोनदा-हिशेब करणारी तपासणी मी मुद्दाम महिनाभर चालू ठेवली. फाइल कोरी राहिली.

बसवायला गेलो त्या दिवशी मामांनी आम्हाला काही विचारलं नाही. एकाच लॅडलमधून दोन्ही कप एकदम भरले आणि कमरेवर हात ठेवून स्क्रीनसमोर उभे राहिले. डावीकडे ४.०२, उजवीकडे ४.०१.

"हं," म्हणाले. "मग आता तिसरा स्टँड कधी लावताय?"